एका खुर्चीच्या दोन पाळ्या

माझं शिक्षण चौथी. तीही पुरती नाही, परीक्षेच्या आधीच गाव सुटलं. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारलं तर लपवतही नाही. इंग्रजी अक्षरं मी भोसरीच्या एमआयडीसीत शिकलो, मशीनच्या भागांच्या ड्रॉइंगवर बघून बघून. आधी आकडे कळले, मग बाणाशेजारची अक्षरं, मग खालच्या चौकटीतले शब्द. हेल्परचा ऑपरेटर झालो, ऑपरेटरचा चेकर झालो आणि रिटायर होईपर्यंत चेकरच राहिलो. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढायची, हा माझा धंदा. त्यात मला कुणी हात धरून शिकवलं नाही, आणि माझ्या टेबलावरून खोटा माल कधी पुढं गेला नाही.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. भोसरीत माझं दोन खोल्यांचं घर आहे, स्वतःचं. मुलगा हिंजवडीला आयटीत, तिकडंच अकराव्या मजल्यावर राहतो. “बाबा, इकडं या कायमचे,” म्हणतो. मी जाऊन बघितलं. सकाळी सगळी आपापल्या दिशेला पांगतात आणि मग दिवसभर लिफ्ट वर गेली का खाली गेली ते ऐकत बसायचं. एकटंच बसायचं तर आपल्या घरात बसू, असं म्हणून परत आलो. आपल्या घरातही तेच निघालं. आमच्या गल्लीत सगळे भाडेकरू कंपनीतले. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची नाइट. दाराकडं बघावं तर बाहेरून कुलूप, नाहीतर आतून कडी लावून माणूस झोपलेला. बोलायला दूधवाला, तर तोही पिशवी कडीला अडकवून पुढं जायचा.

बीपीच्या गोळ्या आणायला मी संत तुकाराम नगरला जायचो. एकदा परत येताना ऊन लागलं म्हणून एका इमारतीच्या सावलीला थांबलो, तर तळमजल्याच्या दाराबाहेर चपलाबुटांचा हा ढीग. मला वाटलं, इथं कुणी गेलं की काय. खिडकीतून डोकावलो. आत रांगेनं माणसं खाली मान घालून बसलेली. पोरं, पोरी, काही बाप्येही. स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होती ती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण मला एकदम शॉप फ्लोअर आठवला. तिथंही बोलणं नसायचं, मशीनच्या आवाजात बोलून करणार काय? तरी शेजारी माणूस असायचा. तो खोकला तर कळायचं.

दाराशी टेबल टाकून राखणदार बसला होता. जवळपास माझ्याच वयाचा. कुठल्याशा कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आयुष्य काढलेला माणूस, ते त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं त्यावरूनच मी ओळखलं.

“पेपर वाचायचाय का? पेपरचा बाक बाहेर हाय.”

“आत बसायचंय.”

“आत परीक्षावाले बसतात. तुमची कुठली परीक्षा?”

“परीक्षा दिलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?”

त्यानं मान वळवून स्वतःच्याच डोक्यावरचा नियमांचा बोर्ड वाचला. तसं लिहिलेलं नव्हतं. ‘फक्त अभ्यास करणाऱ्यांसाठी’ एवढंच होतं.

“मग अभ्यास करा,” तो म्हणाला. “डुलक्या काढल्या तर उठवीन.”

“डुलक्या काढणारा माणूस चेकर होत नाही, राव.”

त्यानं माझ्या नावाचं कार्ड केलं. भिंतीकडची, पंख्याखालची खुर्ची दिली. आता अभ्यास करणं आलं, कारण तो खरंच येऊन बघायचा. आत एक कपाट होतं. पास झालेले आणि कंटाळून गावी गेलेले आपली पुस्तकं त्यात टाकून जात. इतिहास, भूगोल, गणित लोकांनी उचलून नेलेलं. एक जाडजूड गाइड तेवढं पडून होतं. इंग्रजी व्याकरणाचं, कव्हर गेलेलं. वाक्यं इंग्रजी आणि समजावणं मराठीत. ‘वाक्यातली चूक ओळखा’ असे प्रश्न. प्रत्येक वाक्याचे तीन तुकडे केलेले, अ, ब, क. कुठल्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. आणि चौथा पर्याय, ‘नो एरर’. म्हणजे वाक्य चांगलं आहे.

मी मनात म्हटलं, हे तर इन्स्पेक्शन. हे आपलं काम.

पहिल्याच दिवशी शेजारचं एक पोरगं पुस्तकाकडं बघून कुजबुजलं, “आजोबा, कलेक्टर होणार काय?”

“झालो तर तुला शिपाई ठेवीन.”

ते हसलं, आणखी दोघं हसले. त्यांच्या हसण्यानंच मी त्या गाइडला चिकटलो. नाहीतर दोन दिवसांत बाहेरच्या बाकावर गेलो असतो.

सोपं नव्हतं. एकेका वाक्याला मला चहा थंड होईल एवढा वेळ लागायचा. आधी अक्षर लावायचं, मग शब्द, मग मराठीत काय ते खाली शोधायचं. सर्वनामांचं प्रकरण आलं तिथं तर मी अडूनच बसलो. इंग्रजीत स्वतःला आय आणि मी असे दोन शब्द. मराठीत ‘मी’ म्हणजे मीच, पण इंग्रजीत ज्याच्यावर काम होतं तो मी वेगळा आणि काम करणारा आय वेगळा. ‘बिट्वीन यू अँड आय’ चूक, ‘बिट्वीन यू अँड मी’ बरोबर. का, तर नियम. यू मात्र सगळ्यांना एकच. पोराला यू, साहेबाला यू, देवालाही यू. ही मोठी बेपर्वाई वाटली मला. आणि कंपनीला इट. ‘द कंपनी हॅज चेंज्ड देअर मॅनेजर’ यात देअर चूक, इट्स पाहिजे, कारण कंपनी निर्जीव. मी त्या पानावर पेन्सिलीनं मोठी फुली मारली होती. निर्जीव म्हणे. कधी शिफ्टला उभे राहा म्हणावं.

दुसरी अडचण अशी की गाइडची मागची उत्तरांची पानं आधीच्या मालकानं फाडून नेली होती. आपलं बरोबर का चूक ते कळायला मार्गच नव्हता. मी खूण करायचो आणि पुढं जायचो, बस्.

तशात ती आली. लातूरकडची बाई, तिशीच्या पुढची. चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी. अंगात कंपनीचा निळा शर्ट, त्याखाली साडी, खांद्याला डब्याची पिशवी. क्लार्कच्या परीक्षेसाठीचं तिचं वय संपत आलं होतं, ही शेवटची खेप. घरात एक खोली, सासू, दोन पोरं आणि कायम चालू टीव्ही.

“वेटिंग लिस्टला नाव टाका,” राखणदार तिला म्हणाला. “खुर्ची निघाली की कळवू.”

“कधी निघंल?”

“ते मी कसं सांगू ताई? कोण पास होतंय आणि कोण दमतंय त्यावर हाय.”

तिनं नाव टाकलं, पण तिथंच उभी राहिली. रडत वगैरे नव्हती. कंपनीत मटेरियल संपल्यावर माणूस लाइनवर जसा उभा राहतो तशी नुसती उभी. मी पाणी प्यायला उठलो होतो. म्हणालो, “माझी खुर्ची चारनंतर रिकामी असते.”

नव्हती असत. मी दिवे लागेपर्यंत बसायचो. पण तोंडातून गेलं, आणि एकदा गेलेला शब्द मी फिरवत नाही.

राखणदार म्हणाला, “एका कार्डावर दोघं?”

“एक मशीन, दोन पाळ्या. तुमच्या गेटवर नव्हत्या का?”

त्यानं मान हलवली. अशा रीतीनं माझ्या आयुष्यात पुन्हा शिफ्ट आली. तिची फर्स्ट असली की मी सकाळी बसायचो आणि ती चारच्या सुमाराला कंपनीच्या बसमधून उतरून यायची. तिची सेकंड असली की ती सकाळी, मी दुपारी. नाइटच्या आठवड्यात ती दिवसा झोपायची आणि खुर्ची सगळी माझी. तो आठवडा मला जड जायचा.

आमच्या धंद्यात एक रीत होती. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. मशीन पुसायचं, कुठं आवाज येतोय ते त्याला सांगायचं, मग निघायचं. मी खुर्चीलाही तेच लावलं. एकदा तिला ओव्हरटाइमला थांबवलं. चार वाजून गेले, पाच वाजून गेले, मी उठलो नाही. राखणदार येऊन म्हणाला, “काका, जेवण तरी करून या. खुर्ची पळून जात न्हाई.” मी म्हणालो, “रिलिव्हर आल्याशिवाय नाही.” ती धापा टाकत आली. मी टेबल पुसलं, गाइड तिच्याकडं सरकवलं, कुठल्या पानावर अडलोय ते सांगितलं आणि मग निघालो.

गाइड दोघांत एकच. मी पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचो, ती गोल करायची. दोघांचं जमलं की ते उत्तर पक्कं धरायचं. जमलं नाही की दारात, चपलांच्या त्या ढिगापाशी, पाच मिनिटं भांडण.

“बाबा, काय करायलाव हे? चांगल्या वाक्याला बी खोट काढलाव.”

“कुठंय चांगलं?”

“हे बघा की. काय वाईट हाय त्यात?”

“वाईट नसतं तर टेबलावर आलं कशाला?”

“कंपनीत सगळाच माल खराब यायचा का तुमच्या?”

“सगळा नाही. पण खराब आहे असं धरूनच हातात घ्यायचा. चांगला निघाला तर त्याचं नशीब.”

“तुमच्या हाताखाली काम केलेल्यांचं कठीण होतं बाई,” असं म्हणून ती आत जायची.

ती पाच मिनिटं सोडली तर दिवसभरात माझं बोलणं नसायचं. रविवारी मुलाचा फोन यायचा. “काय करताय बाबा?” तो विचारायचा. मी म्हणायचो, “कामात आहे.” इंग्रजी सोडवतोय हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं हसून सांगितलं असतं की त्याला आता मोबाईलच चुका काढून देतो.

एका वाक्यानं मात्र मला फार दिवस धरून ठेवलं. नियम असा होता, की सर्वनाम वापरण्याआधी नाव यायला पाहिजे. ही म्हटलं तर कोण ही, शी म्हटलं तर कोण शी, ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर वाक्य सदोष. मी ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढचा सगळा संसार सर्वनामांवर. मी कुणाला सांगायचो, “ती गावी गेलीय,” आणि ती सांगायची, “हे झोपलेत.” कोण ती आणि कोण हे, असं जन्मात कुणी विचारलं नाही. आता मी घरात चुकून ‘ती’ म्हटलं तर ऐकणाराच कुणी नाही. मुलगा फोनवर ‘आई’ म्हणतो. फोटोखाली तिचं पूर्ण नाव लिहिलंय, पण ते मला परक्या बाईचं वाटतं. त्या वाक्याला मी खूण केलीच नाही. त्या दिवशी लातूरची ती पाळीला आल्यावर म्हणाली, “हे कोरं का सोडलाव?” मी म्हटलं, “पेन्सिलीचं टोक गेलं.”

मग सूचना लागली. वेटिंग लिस्ट फार वाढली होती, आणि काही पोरं खुर्च्या अडवून मोबाईल बघत बसतात अशी तक्रार होती. म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळानं ठरवलं, की रविवारी चाचणी घ्यायची. निम्मे गुण पडले नाहीत तर खुर्ची काढून वेटिंगवरचं जे पुढचं नाव तीच चाचणी पास होईल त्याला द्यायची. ज्यानं त्यानं आपापल्या विषयाची चाचणी द्यायची. माझा विषय इंग्रजी.

आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. चाकणला तिचीही तीच. रविवारी तिला फर्स्ट शिफ्ट होती आणि खाडा केला की कंत्राटदार नाव कापतो. शिवाय कार्ड माझ्या नावाचं. चाचणी मलाच द्यायची होती. माझी खुर्ची गेली की तिचीही गेली.

“होईल ना बाबा?” तिनं विचारलं. तेव्हा ती हसत नव्हती.

“खुर्ची कुठं जात नाही,” मी म्हणालो. “माझ्या हातून कधी काही गेलेलं नाही.”

“तसं नव्हं. तेवढं नो एररचं बघा. कधीतरी द्या की खूण.”

“बघू.”

मी पुष्कळ तयारी केली. घरी वह्या भरून काढल्या. गल्लीतला एक नाइटवाला दाराची कडी काढून ओरडला, “काका, जरा हळू की, झोपू द्या,” तेव्हा कळलं की मी मोठ्यानं वाचतोय.

रविवारी धुतलेला शर्ट घालून गेलो. पेपर छापील होता. पोरांच्या माना खाली गेल्या, माझीही गेली. आणि इतक्या वर्षांचा बसलेला हात जायचा तिकडंच गेला. पहिलं वाक्य घेतलं, तुकडा तुकडा तपासला, काही सापडेना. मग मी आणखी बारीक बघितलं. बारीक बघितलं की सापडतंच. ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज डन हर वर्क.’ गर्ल्स म्हणजे पुष्कळ पोरी, मग हर कशी? टाक बाजूला. ‘इट इज आय हू अॅम टु ब्लेम.’ हू अॅम? कानाला खटकतंय. टाक बाजूला. नो एररवर पेन्सिल न्यायचो, तिचं बोलणंही आठवायचं, पण हात थांबायचा. खूण केली आणि माल खोटा निघाला तर? सही कुणाची? माझी. आयुष्यभर या एका भीतीवर पगार घेतलेला माणूस मी, एका रविवारी काय बदलणार?

तिथं तपासायची पद्धत अशी, की पेपर शेजाऱ्याशी बदलायचा आणि फळ्यावर उत्तरं लिहिली की त्यानं तपासायचा. माझा पेपर शेजारच्या मुलीकडं गेला. ती भराभर फुल्या मारत होती, मग तिचा वेग कमी झाला. शेवटी तिनं हळूच पेपर माझ्याकडं केला.

“आजोबा, चुकीची वाक्यं तुम्ही बहुतेक बरोबर ओळखलीत. पण ही बघा, ही सगळी बरोबर होती.”

“बरोबर होती तर मग विचारली कशाला?”

“त्यासाठीच विचारतात ना.”

निम्मे गुण झाले नव्हते. थोडक्यात गेले होते, पण गेलं ते गेलं. राखणदारानं माझं कार्ड टेबलाच्या कडेला वेगळं ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो माझ्याकडं बघत नव्हता.

माझं काय, मी घरी जाऊन बसलो असतो. पण चार वाजता ती बसमधून उतरून येणार होती आणि तिला सांगायचं होतं. मी दारातच थांबलो. ती लांबून मला बाहेर उभा बघूनच समजली.

“गेली?”

“गेली.”

तिनं डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “असू द्या,” म्हणाली. “माझ्यासाठी तुम्ही उगं जिवाला घोर लावून घेतलाव.” आणि वळून चालायला लागली. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी कुणाच्या पायाशी कधी गेलो नाही. मालकाच्या केबिनमध्येही चप्पल काढून गेलो नाही. पण ती मेट्रोच्या खांबापर्यंत गेली असेल तोवर मी राखणदाराच्या टेबलावर हात आपटला.

“चाचणी रविवारीच का?”

“का म्हंजे? सुट्टी असती.”

“कुणाला?”

“जगाला.”

“जगाला असेल. भोसरीची सुट्टी गुरुवारी. चाकणची गुरुवारी. तुम्ही गेटवर होता तेव्हा तुमचा रविवार कधी यायचा?”

त्यानं माझं कार्ड उचलून पुन्हा खाली ठेवलं.

“माझी खुर्ची मी मागत नाही,” मी म्हणालो. “मी नापास झालो, संपलं. पण कंपनीत राबणारी माणसं वेटिंगला आहेत, त्यांची चाचणी गुरुवारी घ्या. नाहीतर बोर्डावर लिहा, की ज्यांना रविवारी सुट्टी त्यांच्यासाठीच अभ्यास.”

आत माना वर झाल्या होत्या. मला कलेक्टर म्हणालेलं पोरगं म्हणालं, “काका बरोबर बोलतायत. माझा भाऊ पण गुरुवारवालाच आहे.” राखणदारानं मंडळाच्या माणसाला फोन लावला. व्हय-न्हाई बरंच झालं. शेवटी गुरुवार ठरला, आणि तोवर रिकाम्या खुर्च्या कुणाला द्यायच्या नाहीत असंही.

गुरुवारी ती आली, पेपर दिला आणि पास झाली. चांगली पास झाली. वेटिंग लिस्टवरच्या तिच्या नावाला खुर्ची मिळाली. तीच, पंख्याखालची. कार्ड आता तिच्या नावाचं. ते दाखवायला ती बाहेर आली तेव्हा मी सावलीत उभा होतो.

“उद्यापासून पहिल्यासारखंच,” ती म्हणाली. “सकाळी तुम्ही, चारनंतर मी.”

“नको.”

“का?”

“दुसऱ्याच्या कार्डावर मी कधी पंच केलं नाही. आमच्याकडं तसं करणाऱ्याला काढून टाकायचे.”

“आन् मी बसत नव्हते का तुमच्या कार्डावर?”

“ते मी दिलं होतं.”

“मग हे मी द्यायले.”

दुसऱ्याला द्यायला मला कधी जड गेलं नाही, पण घ्यायची वेळ आली की मान आखडते, हे मला माहीत आहे. बायको हेच म्हणायची. पण माहीत असून मान सैल होत नसते. मी म्हणालो, “बघू.” माझं ‘बघू’ म्हणजे काय ते तिला एव्हाना कळत होतं. ती कार्ड घेऊन आत गेली.

मी घरी बसून बघितलं. दूधवाला पिशवी अडकवायचा, नाइटवाले झोपायचे. गाइड तिच्याकडं राहिलं होतं, ते मीच तिथं ठेवलं होतं. पुस्तक खुर्चीबरोबर असतं. मी पाठ झालेली वाक्यं मनात फिरवायचो. शेवटी दोन-चार दिवसांनी शेअर रिक्षा पकडली आणि अभ्यासिकेच्या बाहेर, पेपरच्या बाकावर जाऊन बसलो. बाक सगळ्यांचा असतो, त्याला कार्ड लागत नाही.

बाकावरची माणसं मोठ्यानं बोलतात. पाण्याची कपात, कुणाची शुगर, कुणाची सून. मी ऐकतो. चारच्या सुमाराला पहिल्यांदा ती रस्ता ओलांडून आली तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरला.

“काय बाबा, इथं काय करायलाव?”

“पेपर वाचतोय.”

“कालचा हाय तो.”

“कालचा वाचायचा राहिला होता.”

ती हसली नाही. म्हणाली, “एक वाक्य अडलंय. सांगू?” आणि उभ्या उभ्या तिनं ते म्हटलं. ‘द फादर टोल्ड हिज सन दॅट ही वॉज राँग.’ मी तिला परत म्हणायला लावलं. “सांगतो उद्या,” म्हणालो. तिला वेळ नव्हता, ती आत गेली. मी ते वाक्य घेऊन घरी गेलो. बाप मुलाला म्हणाला की तो चुकला. तो म्हणजे कोण, बाप का मुलगा? भाकरी करताना, भांडी घासताना तेच. दुसऱ्या दिवशी सांगितलं, “चूक शेवटच्या तुकड्यात. कोण चुकलं ते कळत नाही.” तिनं मान हलवली. ते बरोबर का नाही हे तिलाही पक्कं माहीत नव्हतं.

तेव्हापासून असंच चाललंय. ती जाता जाता एक वाक्य टाकते, मी रात्रभर ते जवळ ठेवतो, दुसऱ्या दिवशी देतो. कधी बस उशिरा येते, तेव्हा ती नुसता हात करते आणि वाक्य राहून जातं. तिचं परीक्षेचं हॉल तिकीट आलंय. ती पास व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि पास झाली की ती इकडं येणार नाही, हेही मला दिसतंय. मी दोन्ही गोष्टी धरून बसतो. एकीला सोडलं तर दुसरी खोटी होते.

या आठवड्यात तिची नाइट आहे. तरी चार वाजता मी बाकावर होतो. शेजारच्या गृहस्थानं विचारलं, “कुणाची वाट बघताय काय?”

“नाही. कुणाची?”

“मग ते मधलं पान द्या इकडं.”

मी त्यांना मधलं पान दिलं, आणि गेल्या आठवड्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा पहिल्या तुकड्यापासून धरलं.